यामातोच्या खोऱ्यातली देवस्थाने

जपानमधला नारा प्रांत डोंगरांनी वेढलेल्या एका सपाट खोऱ्याभोवती वसला आहे. उत्तरेला क्योतो आणि पश्चिमेला ओसाका. दोन्हींकडून आगगाडीने तासाभराच्या आत नारा शहर गाठता येते. खोऱ्याचे जुने नाव यामातो. जपानची राज्यसत्ता इथेच घडली. इ.स. ७१० मध्ये सम्राज्ञी गेन्मेइ हिने नारा इथे हेइजो-क्यो ही राजधानी वसवली. चीनमधल्या थांग सम्राटांच्या छांगआन नगरासारखे काटकोनात छेदणारे रस्ते आखून ती बांधलेली होती. मधली पाच वर्षे वगळता ७८४पर्यंत राजधानी इथेच होती. मग सम्राट कान्मूने ती उत्तरेला नागाओकाला आणि दहा वर्षांनी क्योतोला हलवली. नाऱ्याच्या बलाढ्य मठांचा राजकारणातला हस्तक्षेप त्याला नको होता, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मठांना नव्या राजधानीत येऊ दिले गेले नाही. दरबार गेला, राजवाड्याच्या जागी भातशेती झाली, आणि देवळे मात्र जिथल्या तिथे राहिली. नाऱ्यात आज जे पाहायला मिळते त्यातले बरेचसे या उपेक्षेने वाचवलेले आहे.

या खोऱ्यात येणाऱ्याला दोन प्रकारची देवस्थाने भेटतात. एक बौद्ध मंदिरे; त्यांच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘जी’ किंवा ‘देरा’ येते. दुसरी शिंतो देवस्थाने, म्हणजे ‘कामी’ या स्थानिक दैवतांची ठाणी. त्यांच्या वाटेवर दोन खांब आणि दोन आडवे दांडे असलेले तोरी नावाचे तोरण उभे असते. कामींची उपासना फार जुनी. बौद्ध धर्म सहाव्या शतकाच्या मध्याला कोरियातल्या बेक्चे राज्याकडून आला. परंपरेत त्यासाठी ५३८ आणि ५५२ अशी दोन साले सांगतात. परक्या देवाला जागा द्यावी की नाही यावरून सोगा आणि मोनोनोबे या घराण्यांत तंटा पेटला. ५८७च्या लढाईत सोगांची सरशी झाली आणि बुद्धमूर्तींना राजाश्रय मिळाला. त्या पक्षातला तरुण राजपुत्र शोतोकू (५७४–६२२) हा पुढे जपानी बौद्ध परंपरेचा आद्य पुरुष ठरला.

शोतोकूचे मंदिर होर्यूजी हे नारा शहराच्या नैर्ऋत्येला इकारुगा इथे आहे. त्याची स्थापना ६०७ची मानतात. ६७० मध्ये ते जळाल्याची नोंद जुन्या बखरीत आहे. सध्याची मुख्य वास्तू त्यानंतरची, म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरची आणि आठव्याच्या आरंभीची. एवढे धरूनही तेराशे वर्षे उभी असलेली ही जगातली सर्वांत जुनी लाकडी इमारत आहे. भूकंप, वादळे आणि पावसाळी दमट हवा यांच्या देशात हे टिकले ते हिनोकी नावाच्या सुरूच्या जातीतल्या वृक्षाच्या बळावर आणि सुतारांच्या पिढ्यांच्या राबत्या हातांवर. आवारात पाच मजली मनोरा आणि मूर्तींचे मुख्य दालन शेजारी शेजारी उभे आहेत. मनोरा म्हणजे रूप बदललेला स्तूपच. त्याच्या मधल्या खांबाच्या पायथ्याशी अस्थी ठेवलेल्या असतात आणि माथ्यावर धातूची कडी रचलेला उंच दांडा असतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या स्तूपावर अजून टिकून असलेले लाकडी छत्र पाहिलेल्या मराठी वाचकाला या कड्यांचे मूळ सांगायला नको. होर्यूजीच्या मधल्या खांबाचे झाड ५९४च्या सुमारास तोडले गेले, असे लाकडाच्या वर्षवलयांवरून दिसले आहे. मंदिर जळाले ६७० मध्ये, मग त्याच्याही पाऊण शतक आधी तोडलेले लाकूड त्यात कसे आले, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत.

मुख्य दालनात ६२३ साली तोरी नावाच्या मूर्तिकाराने घडवलेली शाक्यमुनींची कांस्यमूर्ती दोन बोधिसत्त्वांसह बसलेली आहे. लांबट चेहरा, बदामी डोळे, ओठांवर जेमतेम उमटलेले हसू आणि चौथऱ्यावरून ओघळणाऱ्या वस्त्राच्या चुण्या: ही धाटणी चीनमार्गे कोरियात आणि तिथून इथे आली. दालनाच्या भिंतींवर अमिताभ आणि इतर बुद्धांच्या स्वर्गांची मोठी चित्रे होती. रेषा आणि अंगाची ठेवण यांमुळे त्यांची तुलना नेहमी अजिंठ्याशी होत आली. ही तुलना केवळ अभ्यासकांच्या लेखांतली नाही. चित्रकार आराई कानपो १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून भारतात आला आणि त्याने सहकाऱ्यांबरोबर अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या तोक्योला नेल्या आणि १९२३च्या कांतो भूकंपातल्या आगीत जळाल्या. पुढे १९४० मध्ये होर्यूजीच्या चित्रांच्या नकला करायचे सरकारी काम निघाले, तेव्हा चार प्रमुख चित्रकारांत कानपो होता. १९४५ मध्ये तो वारला. काम चालूच राहिले, आणि २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे त्या दालनाला आग लागून मूळ चित्रांचे रंग करपून गेले. दुरुस्तीसाठी मूर्ती आणि छताचा भाग आधीच हलवलेला होता म्हणून तेवढे वाचले. जळक्या भिंती आजही वेगळ्या कोठीत जपून ठेवल्या आहेत. दालनात दिसतात ती १९६०च्या दशकात नव्याने रंगवलेली चित्रे. या आगीच्या धक्क्याने १९५० मध्ये सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा झाला. २६ जानेवारीला देशभरच्या देवळांत अजूनही पाण्याचे फवारे मारून अग्निशमनाचा सराव करतात.

पूर्वेकडच्या अष्टकोनी दालनात, युमेदोनोत, गुझे कान्नोन ही अवलोकितेश्वराची लाकडी मूर्ती आहे. ती शतकानुशतके कापडात गुंडाळलेली होती. अमेरिकन अभ्यासक अर्नेस्ट फेनोलोसा आणि त्याचा जपानी सहकारी ओकाकुरा काकुझो यांनी १८८० च्या दशकात सरकारी परवाना दाखवून ती उघडायला लावली. दार उघडले तर अनर्थ होईल म्हणून भिक्षू पळून गेले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. तोच ओकाकुरा पुढे कोलकात्याला येऊन विवेकानंदांच्या आणि ठाकूर मंडळींच्या सहवासात राहिला. आता ही मूर्ती वसंतात आणि शरदात काही आठवडे पाहता येते. बंद ठेवलेल्या मूर्ती ही या देशातली रीतच आहे. काही मूर्ती वर्षातून एकच दिवस उघडतात. तोदाइजी या मंदिराच्या आवारातल्या होक्केदो दालनातला वज्रधारी द्वारपाल फक्त १६ डिसेंबरला दिसतो. काही तर कधीच नाहीत. पाहुण्याने दर्शन झाले नाही म्हणून हिरमुसू नये. दर्शन न होणे हा इथे उपासनेचाच भाग आहे.

नाऱ्याच्या देवळांकडे पाहताना ‘मूळ किती आणि नंतरचे किती’ हा प्रश्न पहिल्या पावलापासून पिच्छा पुरवतो. दगडी लेण्यांच्या सवयीने आलेल्याला सतत नवी रंगवलेली तुळई आणि बदललेला खांब खटकतो. पण लाकडाच्या देवळाचे आयुष्य जीर्णोद्धारानेच चालते, आणि इथल्या कारागिरांनी व भिक्षूंनी जीर्णोद्धार हीच परंपरा मानली. नाऱ्याच्या नैर्ऋत्येचे याकुशीजी मंदिर हे त्याचे चांगले उदाहरण. तिथला पूर्वेचा मनोरा ७३०चा. प्रत्येक मजल्याला खाली एक लहान छप्पर जोडल्याने तो तीन मजली असून सहा मजली दिसतो. जोडीचा पश्चिम मनोरा १६व्या शतकातल्या युद्धात जळाला होता. तो १९८१ मध्ये नव्याने उभा राहिला. काम पाहणारा सुतार निशिओका त्सुनेकाझू (१९०८–१९९५) हा होर्यूजीच्या पिढीजात सुतारांच्या घरातला. लाकूड तासायचा, शतकांपूर्वी वापरातून गेलेला भाल्यासारखा रंधा त्याने पुन्हा घडवून घेतला. नव्या मनोऱ्याची उंची त्याने पूर्वेच्या मनोऱ्यापेक्षा थोडी अधिक ठेवली. काही शतकांत लाकूड आटून आणि पाया बसून दोन्ही बरोबरीला येतील, असा त्याचा हिशोब होता. आता पूर्वेचा फिकट, धुतल्यासारखा मनोरा आणि पश्चिमेचा शेंदरी-हिरवा मनोरा समोरासमोर उभे आहेत. आठव्या शतकातल्या माणसाला ओळखीचा वाटेल तो बहुधा दुसराच.

या बांधकामाला पैसा कसा आला तेही लक्षात घेण्यासारखे. १९६८ मध्ये मठाधिपती ताकादा कोइन याने प्रज्ञापारमिताहृदयसूत्राची हस्तलिखित प्रत करून देणाऱ्यांकडून दक्षिणा जमवायला सुरुवात केली. दहा लाख प्रतींचे उद्दिष्ट पुरे झाले आणि १९७६ मध्ये मुख्य दालन उभे राहिले. ही प्रत करायची बैठक, म्हणजे शाक्यो, कोणाही पाहुण्याला खुली आहे. तोंडात लवंग धरायची, हत्तीच्या आकाराची धूपदाणी ओलांडून आत जायचे, गळ्यात पट्टा घालायचा, शाई उगाळायची, आणि नमुन्यावर पातळ कागद ठेवून खालची अक्षरे कुंचल्याने गिरवायची. अक्षरे पावणेतीनशेच्या आसपास. सराव नसलेल्याला तास-दीड तास लागतो. चिनी लिपी न येणाऱ्यालाही ते जमते. शेवटी आपली इच्छा आणि नाव लिहून ती प्रत देवळातच ठेवली जाते.

नारा शहराच्या पूर्वेला मोठे उद्यान आहे आणि त्यात प्रांतातली सर्वांत प्रसिद्ध देवस्थाने एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांतले तोदाइजी हे सम्राट शोमूच्या काळचे. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने देश खिळखिळा केला. दरबार चालवणारे फुजिवारा घराण्यातले चारही भाऊ ७३७ मध्ये तिला बळी पडले. दुष्काळ आणि बंडही सोबतीला होतेच. शोमूने ७४१ मध्ये प्रांतोप्रांती मठ बांधण्याचा आणि ७४३ मध्ये वैरोचन बुद्धाची महामूर्ती ओतण्याचा हुकूम काढला. गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन येणाऱ्यालाही या कामात सामील करून घ्यावे, असे त्या फर्मानात होते. गावोगाव पूल आणि तलाव बांधत फिरणारा, एके काळी सरकारनेच ज्याच्यावर बंदी घातली होती तो भिक्षू ग्योकी वर्गणीसाठी हिंडला. खालून वर अशा आठ टप्प्यांत कांस्य ओतून ७४९ मध्ये मूर्ती उभी राहिली आणि त्याच साली उत्तरेकडच्या मुत्सू प्रांतात सोने सापडल्याने मुलाम्याची सोय झाली.

७५२ मधल्या नेत्रोन्मीलनाचा मान मिळाला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूला. जपानी नोंदी त्याला दक्षिण भारतातला भारद्वाज गोत्राचा ब्राह्मण म्हणतात. मंजुश्रीच्या शोधात तो चीनला गेला आणि तिथून ७३६ मध्ये जपानला आला. त्याच्याबरोबर आलेला चंपा देशाचा भिक्षू बुत्तेत्सू याच्याकडून शिकलेली नृत्ये दरबारी संगीतात पुढेही चालू राहिली. बोधिसेनाने मोठ्या कुंचल्याने बुद्धाच्या डोळ्यांत बुबुळे रेखली. कुंचल्याला बांधलेली लांब दोरी खाली जमलेल्यांनी हातात धरली होती, म्हणजे पुण्याचा वाटा सगळ्यांना. तो कुंचला आणि दोरी दोन्ही शोसोइन या कोठाराच्या संग्रहात आजही आहेत.

महामूर्तीची उंची सुमारे १५ मीटर. पण ७५२ साली होती तीच ही, असे म्हणता येत नाही. ११८०च्या अखेरीस ताइरा घराण्याच्या सैन्याने देवळे जाळली आणि मूर्ती वितळली. चोगेन या साठीच्या भिक्षूने देशभर फिरून पैसा जमवला. ११८५ मध्ये निवृत्त सम्राट गो-शिराकावाने पुन्हा मूर्तीचे डोळे उघडले, बोधिसेनाचाच कुंचला हातात घेऊन. १५६७ मध्ये सरदारांच्या लढाईत देऊळ पुन्हा जळाले; त्यानंतर शतकाहून अधिक काळ बुद्ध जवळपास उघड्यावरच बसला होता. कोकेइ या भिक्षूने काढलेल्या वर्गणीतून १६९२ मध्ये मूर्ती आणि त्याच्या मृत्यूनंतर १७०९ मध्ये दालन पुरे झाले. मस्तक सतराव्या शतकातले, धड निरनिराळ्या काळांतले, आणि आठव्या शतकातले म्हणावे तर मुख्यतः बैठकीच्या काही कमळपाकळ्या. त्यांवर सुमेरूसह विश्वाचा पट कोरला आहे, आणि बहुतेक प्रेक्षक मान वर करून चालताना तो पाहायचा विसरतात. दालनही लाकडाच्या तुटवड्यामुळे मूळच्या ८६ मीटर रुंदीऐवजी ५७ मीटरचे बांधले गेले, तरीही ते प्रचंडच आहे. मागच्या एका खांबाला बुद्धाच्या नाकपुडीएवढे म्हणतात असे भोक आहे. त्यातून पलीकडे निघणाऱ्या मुलांची रांग लागलेली असते आणि अधूनमधून एखादा गुबगुबीत बाप अडकतो. दक्षिण दरवाजा चोगेनच्या काळचा, ११९९चा. त्यातले जवळपास साडेआठ मीटर उंचीचे दोन द्वारपाल १२०३ मध्ये उन्केइ, काइकेइ आणि त्यांच्या चमूने ६९ दिवसांत घडवले. पोटऱ्यांच्या फुगलेल्या शिरा आणि वाऱ्याने उडालेली वस्त्रे पाहिली की एवढी घाई कुठेच जाणवत नाही.

इमारती बदलल्या तरी तोदाइजीत न बदललेली एक गोष्ट आहे. टेकडीवरच्या निगात्सुदो या दालनात ७५२ पासून दर वर्षी, एकदाही न चुकता, शुनी-ए हे प्रायश्चित्ताचे व्रत होते. मार्चच्या १ तारखेपासून १४ तारखेपर्यंत अकरा व्रतस्थ भिक्षू अकरा मुखांच्या अवलोकितेश्वरापुढे साऱ्या लोकांच्या वतीने पापांची कबुली देतात. तयारी २० फेब्रुवारीपासून चालते. त्या दिवसापासून त्यांचे सोवळे इतके कडक की स्वयंपाकाचा विस्तवही बाहेरच्या विस्तवापासून वेगळा पेटवलेला असतो. कागदाची वस्त्रे आणि देवासाठी लाल-पांढरी कागदी कामेलियाची फुले ते स्वतःच्या हाताने करतात. रोज संध्याकाळी प्रत्येक भिक्षूपुढे एक सेवक पेटता पलिता घेऊन जिना चढतो, सज्जाच्या टोकाला तो फिरवतो आणि खाली उभ्या गर्दीवर ठिणग्यांचा वर्षाव होतो. त्या ठिणग्या अंगावर पडल्या की वर्ष निरोगी जाते, असे लोक मानतात. १२ तारखेचे पलिते सर्वांत मोठे आणि गर्दीही सर्वांत मोठी. गर्दी नको असणाऱ्याने आधीच्या आठवड्यातला दिवस निवडावा. पलिते हा मात्र या व्रताचा दर्शनी भाग. आत रात्री उशिरापर्यंत मंत्रपठण, मूर्तीभोवती धावत प्रदक्षिणा, गुडघा फळीवर आदळून घातलेले नमस्कार चालतात. बौद्ध व्रत असूनही रोज देशभरच्या कामींची नावे वाचून त्यांना बोलावतात. एका वर्षी वाकासाचा देव मासेमारीत रमून उशिरा आला आणि भरपाई म्हणून त्याने देवळाच्या पायथ्याशी पाणी उसळवले, अशी कथा आहे. १३ तारखेच्या पहाटे, दीडच्या सुमारास, त्या विहिरीचे पाणी काढून देवाला वाहतात. ज्या मूर्तींसाठी हे सारे चालते त्या मात्र व्रत करणाऱ्या भिक्षूंनीही पाहिलेल्या नाहीत.

शोमूच्या मृत्यूनंतर ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्योने त्याच्या वस्तू महाबुद्धाला अर्पण केल्या. त्या ठेवलेले शोसोइन हे ओंडक्यांचे कोठार जमिनीपासून उंच खांबांवर आहे. या संग्रहात सुमारे नऊ हजार वस्तू आहेत: इराणी घाटाचे काचपात्र, शिंपल्याची नक्षी जडवलेले पाच तारांचे वाद्य, औषधी, मुखवटे, हिशोबाचे कागद. कोठार लोकांसाठी उघडत नाहीत. शरद ऋतूत निवडक वस्तू नारा राष्ट्रीय संग्रहालयात सुमारे दोन आठवडे मांडतात.

तोदाइजीपासून वीस मिनिटांच्या चालीवर कोफुकुजी हे फुजिवारा घराण्याचे मंदिर आणि उद्यानाच्या पूर्वेला जंगलाच्या कडेला कासुगा ताइशा हे त्यांच्या कुलदैवताचे देवस्थान. आज ही दोन वेगळी तिकिटे आहेत. हजार वर्षे ती एकच संस्था होती. कोफुकुजीचे भिक्षू कासुगाच्या कामीपुढे सूत्रे म्हणत. दरबाराकडून काही पदरात पाडून घ्यायचे असले की ते त्या देवाचे प्रतीक असलेली वृक्षाची फांदी घेऊन क्योतोवर चालून जात, आणि देवाला अडवणार कोण? १८६८ मध्ये नव्या मेइजी सरकारने बुद्ध आणि कामी यांना सक्तीने वेगळे केले. कोफुकुजीचे भिक्षू कासुगाचे पुजारी झाले, आवाराच्या भिंती पाडल्या, मनोरा विकायला काढल्याची कथा सांगतात, आणि १८८० मध्ये त्या जमिनीवर सार्वजनिक उद्यान झाले. तेन्रीजवळचे एइक्यूजी हे मोठे मंदिर तर पूर्ण नाहीसे झाले. यामानोबेच्या जुन्या पायवाटेवर त्याचे तळे तेवढे दिसते आणि त्याची एक इमारत इसोनोकामी देवस्थानात हलवलेली आढळते. देऊळ आणि शिंतो देवस्थान यांतली आज स्वाभाविक वाटणारी सीमारेषा जेमतेम दीडशे वर्षांची आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे नाऱ्यातल्या पुष्कळ विसंगती उलगडतात.

कोफुकुजीच्या संग्रहालयातली असुराची मूर्ती ७३४ची. तीन मुखे, सहा हात, उंची दीड मीटरच्या वर थोडी. लाखेत भिजवलेले कापड मातीच्या साच्यावर थरावर थर चढवून आतली माती काढलेली, म्हणून वजनाला हलकी. आगीत उचलून पळता आली ती त्यामुळेच. भारतीय पुराणांतला देवांचा वैरी इथे कपाळाला किंचित आठी घातलेला कोवळा मुलगा झाला आहे. पाच मजली मनोरा १४२६चा, सुमारे ५० मीटर उंचीचा. सध्या तो मोठ्या दुरुस्तीखाली आहे.

कासुगा ताइशाची स्थापना ७६८ची. काशिमाहून देव पांढऱ्या हरणावर बसून आला, अशी आख्यायिका असल्यामुळे हरणे पवित्र ठरली. मागच्या डोंगरात शिकार आणि वृक्षतोड यांना ८४१ पासून बंदी आहे. शहराला लागून असे अस्पर्श रान क्वचितच कुठे असेल. उद्यानातली हजारावर हरणे कोणाच्या मालकीची नाहीत, रानटीच आहेत. त्यांच्यासाठी कोंड्याची बिस्किटे विकतात. मान लववून ती बिस्किटे मागतात हे खरे, पण दिरंगाई केली तर सदऱ्याला चावतातही. देवस्थानाच्या वाटेवर आणि पडव्यांत दगडी व कांस्याचे मिळून सुमारे तीन हजार कंदील आहेत, भक्तांनी नवस म्हणून वाहिलेले. फेब्रुवारीत सेत्सुबुन या सणाच्या दिवशी आणि १४ व १५ ऑगस्टला ते सगळे पेटवतात. दर वीस वर्षांनी देवाला तात्पुरत्या जागी नेऊन मुख्य देवळांचे छप्पर आणि रंग नवे करतात. साठावी खेप २०१६ मध्ये पार पडली.

पश्चिमेला याकुशीजीच्या शेजारी तोशोदाइजी आहे. चिनी विनयाचार्य गान्जिन याने जपानला यायचे पाच प्रयत्न केले. वादळे, अटक आणि अखेर अंधत्व वाट्याला आले. सहाव्या खेपेला, ७५३ मध्ये, तो पोचला. ७५९ मध्ये त्याने स्थापलेल्या या मंदिराचे मुख्य दालन आठव्या शतकातले आहे. त्याची लाखेची प्रतिमा जूनच्या आरंभी तीन दिवस पाहता येते.

खोऱ्याच्या आग्नेयेला सूर लागतो तो वेगळाच. ओमिवा देवस्थानात गाभाराच नाही. समोरचा ४६७ मीटर उंचीचा मिवा डोंगर हाच देव, आणि तीन तोरणे एकत्र जोडलेल्या वेशीतून त्याचीच पूजा करतात. देव सर्परूप मानल्यामुळे एका जुन्या सुगी (जपानी सीडर) वृक्षापाशी भक्त अंडी आणि साके ही तांदळाची दारू ठेवतात. साके गाळणाऱ्यांचेही हे दैवत. देशभरच्या भट्ट्यांच्या दारात टांगलेला सुगीच्या पानांचा गोळा इथून जातो. डोंगर चढायचा तर नाव नोंदवून, गळ्यात पांढरा पट्टा घालून जावे लागते. वर छायाचित्र काढता येत नाही आणि पाण्याखेरीज काही खाता-पिता येत नाही.

मराठी पाहुण्याला सर्वांत ओळखीचे आणि सर्वांत अनोळखी वाटेल ते इकोमा डोंगरावरचे होझानजी. तांकाइ या साधकाने १६७८ मध्ये स्थापलेल्या या मंदिरात शोतेन, म्हणजे गजमुख विनायक, पूजला जातो. ओसाकाचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात. त्यांच्या गर्दीसाठीच १९१८ मध्ये पायथ्यापासून दोरखंडाची रेल्वे सुरू झाली. शोतेनाची मूर्ती बहुधा आलिंगन दिलेल्या गजमुखी जोडप्याची असते, आणि ती कोणालाही दाखवत नाहीत. पुजारी बंद दाराआड तिला तेलाचे स्नान घालतात. दिव्यांवर, दारांवर दिसतात ती चिन्हे म्हणजे जोडीचे मुळे आणि पैशाची थैली. हा देव नवसाला चटकन पावतो आणि हेळसांड झाली तर तितकाच चटकन कोपतो, अशी त्याची ख्याती. घराघरांत कौतुकाने आणला जाणारा बाप्पा आणि हा धाक घालणारा गुप्त देव एकाच मुळाचे आहेत. वाटेतले तांत्रिक बौद्ध ग्रंथ आणि चिनी मठ यांनी दुसऱ्याला हे रूप दिले.

डोंगराळ दक्षिण-पूर्वेला हासेदेरा आणि मुरोजी. हासेदेराच्या छपराखालच्या ३९९ पायऱ्या चढून गेल्यावर दहा मीटरहून उंच लाकडी अवलोकितेश्वर उभा आहे. मुरोजीचा पाच मजली मनोरा अवघा १६ मीटरचा. १९९८च्या वादळात त्यावर झाड कोसळले होते, दोन वर्षांत तो सावरला. पूर्वी स्त्रियांना मज्जाव असलेल्या कोयासान पर्वताऐवजी स्त्रिया इथे येत. आणखी दक्षिणेला योशिनो: गिरिकंदरांत तप करणाऱ्या शुगेंदो पंथाचे ठाणे, साकुराच्या हजारो झाडांनी भरलेला डोंगर, आणि किन्पुसेन्जीच्या दालनातल्या सुमारे सहा ते सात मीटर उंचीच्या तीन निळ्या, क्रुद्ध मूर्ती.

दर्शनाची रीत अवघड नाही. शिंतो देवस्थानात तोरणापाशी किंचित मान लववावी, कुंडाशी आधी डावा मग उजवा हात धुवून ओंजळीतल्या पाण्याने चूळ भरावी. देवापुढे नाणे टाकून दोनदा वाकावे, दोन टाळ्या वाजवाव्यात, पुन्हा एकदा वाकावे. बौद्ध मंदिरात टाळी नाही, नुसते हात जोडायचे. जोडे काढायची जागा पाटीवर असते. गोशुइन हा देवळाचा शिक्का आणि कुंचल्याने लिहिलेले नाव वहीत घेता येते, पण आधी दर्शन, मग वही. गाभाऱ्यात छायाचित्र काढू देत नाहीत. तोदाइजीचे मोठे दालन हा ठळक अपवाद.

देवळांनी पोसलेले हस्तोद्योग हा पाहण्याचा दुसरा भाग. सूत्रे लिहायला शाई लागे, म्हणून नारा शाईचे गाव झाले; जपानी शाईच्या वड्यांतला फार मोठा वाटा अजून इथलाच. तेलाच्या दिव्यांची काजळी आणि जनावरांच्या कातड्याचा सरस एकत्र मळून साच्यात दाबतात आणि लाकडाच्या राखेत हळूहळू सुकवतात. सरस नासू नये म्हणून काम थंडीतच चालते. काही कारखाने हिवाळ्यात पाहुण्यांच्या हातात कोमट, काळा, रबरासारखा गोळा देतात. मूठ आवळली की बोटांचे ठसे उमटलेली वडी तयार होते. ती सुकायला काही महिने लागतात. इकोमाजवळच्या ताकायामात मात्चा चहा घुसळायच्या रव्या बांबूच्या एकाच पेरापासून करतात. टोक चिरून ऐंशी-शंभर केसांसारख्या काड्या काढायच्या आणि दोऱ्याने गुंफायच्या. खाण्यात पर्सिमनच्या पानात गुंडाळलेली सुशी, साक्याच्या गाळात मुरवलेले लोणचे आणि चहात शिजवलेली भाताची पेज ही इथली खासियत; शाकाहारी माणसाने माशाचा अर्क टाळायचा असेल तर आधी विचारावे.

वेळेचा हिशोब असा. उद्यानातली तीन देवस्थाने एका दिवसात होतात, याकुशीजी आणि तोशोदाइजी अर्ध्या दिवसात, होर्यूजीला दुसरा अर्धा पुरत नाही. योशिनोची साकुरा एप्रिलच्या पूर्वार्धात, शोसोइनचे प्रदर्शन ऑक्टोबरच्या अखेरीस, आणि कासुगाच्या वाकामिया देवाचा ११३६ पासून चालत आलेला उत्सव १७ डिसेंबरला. त्या दिवसांत राहायची जागा महिनोन्‌महिने आधी धरावी लागते. बहुतेक देवळे संध्याकाळी साडेचार-पाचला बंद होतात; निगात्सुदोचा सज्जा मात्र रात्रीही उघडा असतो. मुरोजी आणि हासेदेराकडे जाणाऱ्या गाड्या नि बस कमी, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवावा.